२००८ ची स्विफ्ट, ७० हजार रुपये आणि डोक्यात १६ इंची अलॉय: आधी काय करू?

यवतेश्वर_स्विफ्ट, सातारा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. घरची स्विफ्ट आहे, व्हीएक्सआय, पप्पांनी २००८ च्या दसऱ्याला घेतलेली, एमएच ११ पासिंग, ते जुनं १.३ पेट्रोल इंजिन, बेल्टवालं, आत्तापर्यंत १ लाख १८ हजार पळालीय. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा घरात विकायचं चाललेलं, एक जण येऊन बघून गेला आणि भंगाराच्या भावात मागितली, मला रात्रभर झोप लागली नाही, सकाळी पप्पांना म्हटलं रीपासिंगचा खर्च मी करतो पण गाडी जाऊ द्यायची नाही. आता आरसी २०२८ पर्यंत आहे आणि गाडी माझ्याच ताब्यात आहे. ह्याच गाडीवर मी चढाला हाफ क्लच धरायला शिकलोय, पप्पा शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवायचे.

रनिंग फार नाही. घर शाहूपुरीत, कामाला एमआयडीसीत, आणि रविवारी सकाळी साडेपाचला निघून यवतेश्वर घाटातनं कास, तिथं चहा, आणि गर्दी व्हायच्या आत परत. महिन्यातनं एकदा पाचगणीला ताईकडं.

आता ७० हजार साठवलेत, फक्त गाडीसाठी. डोक्यात असं आहे की १६ इंची अलॉय रिमा, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, मोकळ्या पाइपचा फ्री फ्लो सायलेन्सर, डब्याबाहेरचा ओपन एअर फिल्टर आणि जमलं तर रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं. पण त्याआधी गाडीत आहे ते पण सांगतो. रम्बलरवरनं गेलं की पुढून डावीकडनं खटखट येतं. गाडी थोडी डावीकडं ओढते, अलाइनमेंट दोनदा केली तरी. आणि गेल्या महिन्यात पाचगणीहून पसरणी घाट उतरताना वाईच्या अलीकडं शेवटच्या वळणांत ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं, पाय खाली खालीच जायला लागला, कशीबशी कडेला घेतली, ताईची पोरं मागं बसलेली. पंधरा-वीस मिनिटं थांबलो तर पेडल परत नॉर्मल. मेकॅनिकला सांगितलं तर म्हणाला जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

तर सुरुवात कुठनं करू? सगळे पैसे एकदम घालायची तयारी आहे, फक्त चुकीच्या जागी नकोत.


पाना_दहा, मिरज

बाकी सगळं बाजूला ठेव, ब्रेकचं काम होईपर्यंत ह्या गाडीनं घाट उतरू नको. जुनी गाडी आहे म्हणून पेडल मऊ पडत नसतं. तू थांबलास, गार झालं, पेडल परत आलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, डबा बंद दिसला तरी हळूहळू ओढतंच. कोरं डॉट ३ किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी धरलेलं १४० ला. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. घाटात डिस्क तापली, तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय खाली जातो. शेवटचं ऑइल कधी बदललंय ते बिलं काढून बघ, माझ्या अंदाजानं टॉप-अप सोडून काहीच झालेलं नसणार. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाच, डॉट ३ असलं तर डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र घालू नको, ते सिलिकॉनचं असतं, त्याचा ह्याचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट, गाडी डावीकडं ओढते आणि ब्रेक तापतो ह्या दोन तक्रारी वेगळ्या नसाव्यात. तीस वर्षं गॅरेज करतोय, सांगतो ते करून बघ. सपाट रस्त्याला दहा-बारा किलोमीटर चालव, ब्रेक जेवढा कमी लागेल तेवढा कमी मार, थांब आणि चारही चाकांजवळ नुसता हात धर, डिस्कला लावायचा नाही, भाजेल. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त गरम लागलं तर कॅलिपरची पिन जाम आहे. पॅड सुटतच नाही, कायम घासत राहतो, मग घाटाच्या आधीच अर्धं ऑइल तापलेलं. अलाइनमेंट दहा वेळा केलीस तरी ती ओढणार.

खटखट चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशची, म्हणजे सांध्यातल्या रबराची असेल, नाहीतर सस्पेन्शनच्या लिंक रॉडची. १६ वर्षांच्या पुढच्या गाडीत रबर राहत नाही, किलोमीटर किती ते विचारायचंच नाही. मेकॅनिककडनं बदलून घेताना एकच लक्ष ठेव, बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फायनल आवळायचा नाही. गाडी चाकांवर उतरवायची, वजन बसू द्यायचं, मग आवळायचा. वर लटकत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून राहतं आणि वर्षभरात परत फाटतं. मग पोरं म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट चांगला असतो, बसवणाऱ्यानं घाई केलेली असते.


कराडकर_घाटरोड

मी तुझ्याच जागी होतो म्हणून लांबलचक लिहितोय, वाच. माझी २००७ ची, सेम इंजिन, आणि मी नेमकं उलटं केलं, आधी १६ इंची अलॉय, २०५/५० टायर, त्याच आठवड्यात लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप मात्र जुनेच ठेवले कारण पैसे संपले. पहिला महिना गाडी बघूनच पोट भरायचं, पेट्रोल पंपावर लोक विचारायचे. मग पावसाळा आला, कराड ते पाटण रस्ता, पुढं कुंभार्ली घाट, खड्ड्यात गाडी गेली की सस्पेन्शन शेवटच्या रबरावर, बंप स्टॉपवर आपटायचं, स्टिअरिंग हातातनं सुटल्यासारखं व्हायचं, दोन अलॉय वाकले, एकाला चीर गेली, आणि सहा महिन्यांत पुढचे दोन्ही शॉकअप ऑइल सोडायला लागले. गाडीला कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर आहे, तो आपल्या भागातल्या स्पीड ब्रेकरला जेमतेम पुरतो, चार माणसं बसली की त्यातलेही जातात. त्यात आपल्याकडं प्रत्येक गावानं ब्रेकर आपल्या मापानं बांधलेला. मी स्प्रिंग काढल्या त्या दिवशी बायको म्हणाली आता गाडीत बसल्यासारखं वाटतंय.

म्हणजे अलॉय करू नको असं नाही. टायरचं गणित समजून घे. तुझ्या व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ येतो, त्याचा पूर्ण व्यास साधारण ६२० मिमी. त्याच काळातल्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला कंपनीच १८५/७० आर १४ द्यायची, त्याचा ६१५. फरक एवढासा, स्पीडोमीटर बिघडत नाही, गिअरिंग बदलत नाही, रुंदी मात्र २० मिमीनं वाढते आणि यवतेश्वरच्या वळणांत ती लगेच कळते. १५ इंची करायचे झाले तर १९५/६० आर १५, तो पण ६१५ च. उंच साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, असली की रस्त्याचा मार आधी टायर खातो, मग रिम, मग तुझी कंबर. १६ ला ५० ची साइडवॉल घेतलीस की मधलं गादीचं कामच संपलं.

अलॉय घेताना पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं माप, ४ बाय १०० बघ, आणि मधल्या भोकाचं माप ५४.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं भोक मोठं असतं, तेव्हा ती फट भरणारी हब रिंग दुकानदाराकडनं मागून घे, नाहीतर रिम नुसत्या नटांवर सेंटर होते आणि ८०-९० ला थरथर येते, मग तू बॅलन्सिंग करत फिरशील. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नको, आणि आत्ता गाडीला आहेत त्यांचे पण आजच वाच.


पिकप_पाहिजे, तासगाव

सगळे दादा लोक बरोबर सांगतायत पण माझं थोडं वेगळं मत आहे. बुश आणि ब्रेक ऑइल हे मेंटेनन्स झालं, ते करायलाच पाहिजे, पण गाडी आपली आहे हे वाटायला पण काहीतरी पाहिजे ना. माझ्या स्विफ्टला फ्री फ्लो लावल्यापासून चार हजार आरपीएमच्या वर जो आवाज येतो त्यासाठी मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी जातो. दोनच तर महिने साठवून घेतला होता. भावानं ७० हजार मेहनतीनं जमवलेत, सगळे रबरात घातले तर मन कसं भरायचं? निदान सायलेन्सर आणि फिल्टर तरी कर, पिकपमध्ये फरक पडतो हे मी स्वतः अनुभवलंय.


कृष्णाकाठ, सांगली

तासगावच्या मित्रा, मन भरायला पाहिजे हे शंभर टक्के मान्य, मी पण अकरा वर्षं ह्याच गाडीच्या मागं आहे आणि ती फक्त ए ठिकाणाहून बी ठिकाणी जायला ठेवलेली नाही. पण पिकपचं सांगतो. हे १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, ८७ बीएचपी, टॉर्क म्हणजे ओढ ११३ न्यूटन मीटर, तो पण साडेचार हजार आरपीएमला. टर्बो नाही. टर्बो गाडीत रीमॅपनं बूस्ट, म्हणजे आत दाबून भरलेली हवा, वाढवता येतो म्हणून तिथं फरक मोठा दिसतो, इथं हवा जेवढी पिस्टन ओढतो तेवढीच येणार. मोठा पाइप लावला की वरचा आवाज मोकळा होतो आणि खालचा टॉर्क जातो, आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला आपल्याला खालचाच लागतो. आवाज वाढला की गाडी जोरात चालल्यासारखी वाटते. मी स्टॉपवॉच लावून, त्याच रस्त्याला, त्याच गिअरला बघितलंय, माझ्या गाडीत फरक मोजता येईल एवढा आलाच नाही. ओपन फिल्टरचं तर आपल्या भागात बोलायलाच नको, बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि सीझनला कारखान्याच्या रस्त्याला जी धूळ असते ती कागदी फिल्टर दर पाच हजाराला झटकून बघ, किती निघते ते. ती सगळी सिलिंडरला जाणार.

कायद्याचं पण स्पष्ट लिहितो कारण आरसी २०२८ ला परत रिन्यू करायचीय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा आणि आरसीवर नसलेला बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ ला तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, त्यात प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. धूर साफ करणारा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून फ्री फ्लो लावला तर पीयूसी पण अडकते. पासिंगला इन्स्पेक्टरनं गाडी परत पाठवली तर एक दिवस गेला आणि जुना सायलेन्सर शोधत फिरा. इन्शुरन्सला न सांगितलेला बदल असला तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढं येतं. म्हणून जुने सगळे पार्ट सांभाळून ठेव एवढं तरी कर.

आणि कासला पहाटे मोठ्या आवाजाची गाडी नेणं मला स्वतःला पटत नाही. २०१२ पासून ते पठार जागतिक वारसा यादीत आहे, आपण तिथं जातोच शांततेसाठी. माझं हे मत आहे, राग नको.

यवतेश्वर, तुला एक विचारायचं राहिलं. घाट उतरताना गाडी कुठल्या गिअरला असते?


यवतेश्वर_स्विफ्ट, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहिलंत त्यासाठी. काका, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री हायवेनं लिंबपर्यंत जाऊन आलो, ब्रेक जवळजवळ लावलाच नाही, आणि थांबून हात धरला. उजव्या चाकाजवळ कोमट. डाव्याजवळ हात दोन सेकंद पण ठेववेना. परत एकदा बघितलं, तेच. म्हणजे दोनदा अलाइनमेंटचे पैसे दिले आणि दुखणं दुसरीकडंच होतं. टायरचे आकडे पण वाचले, दोन २०१५ चे निघाले, नक्षी अजून भरपूर आहे म्हणून कधी संशयच आला नाही.

कृष्णाकाठ दादा, गिअरचं खरं सांगतो, पप्पा उताराला न्यूट्रल करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि मी पण तसंच शिकलो. पसरणी घाटात पण न्यूट्रलच होती.

अजून दोन प्रश्न. हेडलाइट फार मंद वाटतात, १०० वॉटचे बल्ब टाकू का? आणि ई२० पेट्रोलनं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या, ह्या गाडीचं काय होणार? ॲव्हरेज १५ वरनं १३ वर आलंय. सकाळी कासला हिटर लावला तर नुसती गार हवा येते, त्याचा काही संबंध?


पाना_दहा, मिरज

हिटर गार येतो आणि ॲव्हरेज पडलंय, आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का बघ. आपल्याकडं गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची वाईट सवय काही ठिकाणी आहे. मग इंजिन कधी पुरतं तापतच नाही, ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून गार आहे, पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्यात डावा ब्रेक कायम घासतोय. ई२० ला दोष द्यायच्या आधी हे दोन करून घे. कूलंट काढताना रंग बघ, गंजाचं पाणी निघालं तर फ्लश कर, नळाचं पाणी घालू नको. आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय ह्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असं धर. बेल्ट उघडलाच आहे तर टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच मजुरीत होतात.

न्यूट्रलचं एवढं लक्षात ठेव. कार्बोरेटरच्या काळातल्या लोकांची ती सवय, त्यांचं तेव्हाचं गणित वेगळं होतं. तुझी गाडी इंजेक्शनची आहे, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, उतारच इंजिन फिरवतो. न्यूट्रल केलीस तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं, आणि गाडीचं सगळं वजन चार ब्रेकवर येतं. ज्या गिअरनं घाट चढतोस त्याच गिअरनं उतरायचा. दुसरा टाक, ब्रेक थोडा मार, सोड, परत मार. सारखा पाय ठेवून घासत उतरायचं नाही. पप्पांना पण सांग, नीट सांग.


कृष्णाकाठ, सांगली

हेडलाइटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, कारण इकडं नोव्हेंबरपासून रात्री रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि उजेड दहा फूट लांब पडला तरी जीव वाचतो.

१०० वॉट टाकू नको. तुझ्या गाडीला एच ४ बल्ब, ६०/५५ वॉट. कंपनीची वायर आणि स्विच तेवढ्याच करंटला केलेले, जास्त टाकला की होल्डर वितळतो, माझ्याकडं वितळलेला अजून ठेवलाय, पिवळं प्लॅस्टिक चॉकलेटसारखं वाकलेलं. आधी मल्टिमीटर घे. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघ, १४ च्या आसपास येईल. मग लाइट चालू ठेवून बल्बच्या मागं बघ. माझ्याकडं तिथं १२.१ येत होतं. बल्बला एक व्होल्ट कमी मिळाला तर उजेड साधारण पाव हिस्सा कमी होतो, आणि माझे जवळजवळ दोन जात होते, जुन्या वायरीत आणि स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये. रिले टाकून, बॅटरीवरनं जाड वायर फ्यूज लावून थेट बल्बपर्यंत घेतली, जुनी वायर फक्त रिलेला सिग्नल द्यायला. तेच ६०/५५ चे बल्ब, आणि रस्ता एकदम पांढरा दिसायला लागला. काच पिवळी झाली असेल तर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं घास, मग पॉलिश, वरनं यूव्हीचा थर, नाहीतर सहा महिन्यांत परत पिवळी.

पार्ट जुन्या बाजारातनं घेणार असशील तर एक सांगायचंय. आमच्याकडं ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात आलं, शेकडो गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या, आणि त्यांचे पार्ट पुढं कुठं कुठं गेले सांगता येत नाही. मी एक फ्यूज बॉक्स घेतला होता, वरनं चकचकीत, दोन महिन्यांनी वायपर आपोआप चालू व्हायला लागला. उघडला तर आतल्या पिनांवर हिरवं साचलेलं आणि कोपऱ्यात नदीचा बारीक गाळ, बोटाला लागला तसा मऊ. तो गाळ आम्ही आमच्या घरातनं पण काढलाय, ओळखायला चूक होत नाही. इलेक्ट्रिकचं काहीही सेकंड हँड घेऊ नको, ईसीएम तर नाहीच. सेकंड हँड गाडी बघायला कुणाबरोबर गेलास तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, धुताना तेवढं टोक सगळे विसरतात.

ई२० चं असं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळल्यावर लिटरमागं सहा-सात टक्के कमी, तेवढा फरक नव्या गाडीत पण पडणार. १५ वरनं १३ म्हणजे त्याहून जास्त पडलंय, म्हणून काका म्हणतात ते आधी. पण २००८ ची गाडी ई२० धरून बनवलेली नाही, तेव्हा इंजिनकडच्या रबरी पेट्रोल पाइपांवर दर सर्व्हिसला नजर ठेव, फुगलेला, चिकट झालेला, वाकवल्यावर बारीक चिरा दिसणारा पाइप लगेच बदल, आणि फिल्टर पण. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करायची नाही. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तिला मधनंमधनं फिरवत जा. आपल्याच भागातल्या उसाचं ते इथेनॉल आहे, शेतकऱ्याला पैसे मिळतात त्याचा आनंदच आहे, पण जुन्या गाडीवाल्यानं पाइप तपासलेच पाहिजेत.


यवतेश्वर_स्विफ्ट, सातारा

पाच आठवडे झाले, सगळं सांगायला आलोय.

कॅलिपरचं काम माझ्यासमोर करून घेतलं. डाव्या बाजूची खालची पिन हातानं निघेना, पाना लावून पिळत पिळत काढली, वरचं ग्रीस वाळून गुळाच्या काकवीसारखं झालेलं, टोकाला गंज. आतल्या बाजूचा पॅड संपत आलेला, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. नवीन पिना, बूट, पॅड, दोन्ही बाजूंना. ब्रेक ऑइल काढलं ते चहाच्या रंगाचं होतं, नवीन डॉट ४ जवळजवळ पाण्यासारखं दिसत होतं त्याच्या शेजारी. थर्मोस्टॅट नव्हताच, काका, हाउसिंग उघडलं तर आत नुसती रिकामी जागा. कुणी आणि कधी काढला कळायला मार्ग नाही. लोअर आर्म दोन्ही, लिंक रॉड, पुढचे शॉकअप आणि त्यांची वरची माउंटिंग बदलली. बोल्ट आवळायच्या वेळी मी म्हटलं गाडी खाली घेऊन आवळा, मेकॅनिकनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला बरोबर आहे. जुन्या आर्मचं बुश मी घरी आणलंय, अंगठ्यानं दाबलं की रबर धातूपासून सुटून वेगळं होतं, पप्पा बराच वेळ ते हातात घेऊन बसले होते. बेल्ट, टेन्शनर, पंप पण झालं.

अलॉय आत्ता नाही घेतले. स्टीलच्याच १४ इंची रिमा होत्या, त्या काढून घासून काळ्या रंगवून घेतल्या आणि १८५/७० चे चार नवीन टायर टाकले, आकडे वाचून. हेडलाइटला रिले बसवला, बल्बवर १३.६ येतंय. एकूण ५८ हजारांच्या आसपास गेले, उरलेले तसेच ठेवलेत, पुढच्या वर्षी मागचे शॉकअप आणि जमलं तर १५ चे अलॉय.

तासगावच्या भावाला सांगायचंय, मन भरलं. गेल्या रविवारी यवतेश्वर चढताना तिसऱ्या वळणाला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तिथंच, त्याच क्षणी वळली, आधी एक छोटीशी ढील असायची, मला वाटायचं स्विफ्ट अशीच असते. ती ढील गेली. रम्बलरवर आवाज नाही. कासला हिटर लावला तर बोटं शेकली.

ह्या शनिवारी पप्पांना घेऊन पाचगणीला गेलो. उतरताना तेच चालवत होते. मी आधी समजावून सांगितलं होतं तर म्हणाले चाळीस वर्षं गाडी चालवतोय. पण पहिल्या वळणाच्या आधी त्यांनी स्वतःहून दुसरा टाकला आणि वाईपर्यंत न्यूट्रल केली नाही. खाली आल्यावर मी उतरून चारही चाकांजवळ हात धरला, पुढची दोन्ही सारखीच गरम.


पाना_दहा, मिरज

झकास काम. पाचशे किलोमीटर झाले की चाकांचे नट एकदा परत आवळून घे, रिमांना रंग दिलायस म्हणून सांगतो, नटाखालचा रंग दबतो आणि नट सैल पडतात. टायर बदलल्यात तर स्टेपनीची हवा आणि तिच्यावरचे आकडे पण बघ, ती २००८ चीच असणार.